खरखर ऐकणारा प्राध्यापक

दूरध्वनी केंद्रात मी बत्तीस वर्षे नोकरी केली. त्या काळात ‘खरखर’ हा शब्द माझ्या कानांवर जितक्या वेळा पडला, तितका दुसरा कोणताही शब्द पडला नसेल. ग्राहकांची तक्रार बहुधा एकच असे : लाइनवर खरखर येते, पलीकडचे बोलणे कळत नाही. ती खरखर शोधून काढणे आणि नाहीशी करणे हे आमचे काम. कधी पावसाचे पाणी केबलच्या जोडात शिरलेले असे, कधी तार गंजलेली असे. दोष सापडला, लाइन स्वच्छ झाली की आमचे कर्तव्य संपले. ती खरखर काही सांगत असेल, असा विचार करण्यास आम्हाला उसंत नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. परंतु नेमका हाच विचार ज्याने आयुष्यभर केला, असा विद्युत-अभियांत्रिकीचा एक प्राध्यापक जर्मनीत होऊन गेला. त्याची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, असे बरेच दिवस मनात होते.

हाइन्रिश बार्कहाउझेन हे त्यांचे नाव. डिप्लोमाला असताना पाठ्यपुस्तकात ते मला प्रथम भेटले, तेही एका ओळीपुरते. ‘बार्कहाउझेनची अट’ नावाचे एक सूत्र होते. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येई, म्हणून आम्ही ते पाठ केले. हा मनुष्य कोण, कुठला, जिवंत आहे की मेला, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. शास्त्रज्ञांचे असेच होते. नाव सूत्राला चिकटून राहते आणि माणूस मागे पडतो.

हे सूत्र आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. सणाच्या मिस्सेला वाचक वाचनपीठाशी येतो, मायक्रोफोन थोडा वळवतो आणि एकाएकी सारे मंदिर कर्कश शिट्टीने भरून जाते. लहान मुले कानांवर हात ठेवतात, गायनवृंद गोंधळतो आणि सगळ्यांच्या नजरा अँप्लिफायरजवळ बसलेल्या माणसाकडे वळतात. आमच्या धर्मग्रामात तो माणूस अनेक वर्षे मीच होतो. त्या वेळी काय घडते? स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, अँप्लिफायर तो वाढवतो, वाढलेला आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो आणि पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. एका फेरीत जितका आवाज वाटेत विरतो तितकाच अँप्लिफायरने भरून काढला आणि परत आलेली लहर मूळ लहरीशी पावलास पाऊल जुळवून आली, तर तो नाद आपोआप चालू राहतो. त्याला बाहेरून कोणी काही द्यावे लागत नाही. बार्कहाउझेनची अट ती हीच. मंदिरात ती उपद्रव ठरते. परंतु रेडिओ केंद्राची प्रक्षेपण-लहर निर्माण करणारे मंडल याच तत्त्वावर चालते. एकच गोष्ट एका ठिकाणी दोष असते आणि दुसऱ्या ठिकाणी साधन असते. बार्कहाउझेन यांच्या सबंध कार्याची ही जणू प्रस्तावनाच आहे.

त्यांचा जन्म २ डिसेंबर १८८१ रोजी उत्तर जर्मनीतील ब्रेमेन या बंदराच्या शहरी झाला. म्युनिक आणि बर्लिन येथे शिक्षण घेऊन ते ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात गेले. तेथे १९०७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता विद्युत-लहरी कशा निर्माण कराव्यात, हा. त्यानंतर काही वर्षे बर्लिनमध्ये सीमेन्स अँड हाल्स्के या कंपनीत त्यांनी काम केले. १९११ साली ड्रेस्डेनच्या तांत्रिक महाविद्यालयाने त्यांना प्राध्यापकपदी बोलावले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

त्या काळी वीज म्हणजे शक्ती, अशी सर्वसाधारण समजूत होती. जनित्रे, मोटारी, ट्रामगाड्या, रस्त्यावरचे दिवे हा विजेचा दिमाखदार संसार होता. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा ओढाही तिकडेच असे. तार आणि दूरध्वनी यांमधून वाहणारा प्रवाह मात्र इतका क्षीण की त्यावर धड एक दिवाही लागू नये. या क्षीण प्रवाहाच्या शास्त्रासाठी ड्रेस्डेनने वेगळे अध्यासन निर्माण केले. जगातील अशा प्रकारचे ते पहिले अध्यासन मानले जाते. ज्या विजेने यंत्र हलत नाही परंतु निरोप पोहोचतो, त्या विजेला बार्कहाउझेन यांनी आपले आयुष्य वाहिले आणि ड्रेस्डेन हेच त्यांचे कायमचे कार्यक्षेत्र झाले.

मग १९१४ सालचे महायुद्ध आले. युद्धाने माणसांची जशी होळी केली तशी काही यंत्रांची वाढही झपाट्याने घडवून आणली. त्यांपैकी एक म्हणजे व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. काचेच्या निर्वात नळीतील इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने अतिक्षीण विद्युत-प्रवाह हजारो पटींनी वाढवता येऊ लागला. डोळ्यांसाठी जसे सूक्ष्मदर्शक यंत्र, तसे कानांसाठी हे यंत्र. तोवर जे कोणत्याही मानवी कानाला ऐकू आले नव्हते, ते आता हेडफोनमधून ऐकू येणार होते.

सैन्याने या यंत्राचा पहिला उपयोग केला तो शत्रूचे बोलणे चोरून ऐकण्यासाठी. आघाडीवरील दूरध्वनीच्या पुष्कळ लाइनी त्या काळी एकेरी तारेच्या असत. प्रवाहाच्या परतीची वाट जमिनीतून असे. त्यामुळे प्रवाहाचा काही अंश मातीत दूरवर पसरे. जर्मन सैनिक एकमेकींपासून अंतरावर धातूच्या दोन खुंट्या जमिनीत ठोकत, त्या अँप्लिफायरला जोडत आणि कान देऊन बसत. शत्रूच्या खंदकातील संभाषण अशा रीतीने मातीतून झिरपून त्यांच्यापर्यंत येई.

परंतु कधी कधी ते संभाषण बुडून जाई. त्याऐवजी हेडफोनमध्ये एक विलक्षण शीळ उमटे. ती उंच स्वरात सुरू होई आणि सेकंदभरात किंवा थोड्या अधिक वेळात घसरत घसरत खालच्या स्वरात विरून जाई. खंदकांत बसलेले सैनिक म्हणत की तोफगोळे उडताना ऐकू येत आहेत. मृत्यूच्या छायेत वावरणाऱ्या माणसाला प्रत्येक शिळेत तोफगोळाच ऐकू यावा, हे स्वाभाविक होते. ज्यांचे काम हेरगिरीचे होते त्यांच्या दृष्टीने ही शीळ केवळ अडथळा होती. बार्कहाउझेन यांनी तिची दखल घेतली. यंत्रातच काही बिघाड असेल काय, याचा विचार केला. प्रयोगशाळेत तशी शीळ निर्माण करता येईना. तेव्हा तिचा संबंध वातावरणाशी असावा, या मतावर ते आले. ती नेमकी कशी निर्माण होते, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.

युद्ध संपल्यावर १९१९ साली त्यांनी एका जर्मन भौतिकी-नियतकालिकात छोटासा निबंध प्रसिद्ध केला. नव्या अँप्लिफायरच्या मदतीने उघडकीस आलेल्या दोन घटनांचे त्यात वर्णन होते. त्यांतील एक घटना म्हणजे ही शीळ. दुसरी घटना याहूनही लहान वस्तूत दडलेली होती.

लोखंडाच्या तुकड्याभोवती तारेचे वेटोळे गुंडाळा. वेटोळ्याची टोके अँप्लिफायरला जोडा. आता एक लोहचुंबक अगदी सावकाश, हात न थरथरू देता, लोखंडाजवळ आणा. आपली अपेक्षा काय असते? चुंबक सावकाश येतो आहे, तेव्हा लोखंडही सावकाश, एकसारखे चुंबकीय होत जाईल आणि हेडफोनमध्ये शांतता राहील. प्रत्यक्षात ऐकू येते ती बारीक खरखर; कागदावर मूठभर वाळू ओतावी तशी. बार्कहाउझेन यांनी या खरखरीचा अर्थ ओळखला. लोखंड सलगपणे बदलत नाही. त्याच्या पोटात असंख्य सूक्ष्म विभाग असतात, त्या प्रत्येकाची आपली चुंबकीय दिशा असते आणि बाहेरचा चुंबक जवळ आला की ते टप्प्याटप्प्याने, एकेका गचक्यासरशी दिशा बदलतात. असे विभाग असावेत, हे अनुमान फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ साली मांडले होते. परंतु अनुमान कागदावर होते. आता ते कानाला ऐकू आले. बाहेरून स्तब्ध, थंड, निर्जीव दिसणाऱ्या लोखंडाच्या अंतरात केवढी खळबळ चालू असते, याचा तो पुरावा होता. आज या घटनेला ‘बार्कहाउझेन परिणाम’ म्हणतात. यंत्राच्या दातेरी चाकांच्या पोलादात घासाईच्या वेळी कोठे ताण राहिला आहे, कोठे ते अतिउष्णतेने करपले आहे, हे ते चाक न मोडता तपासण्यासाठी कारखान्यांतून हीच खरखर उपयोगात आणली जाते.

माणसांच्या बाबतीतही असेच असते, असे मला पुष्कळदा वाटते. बाहेरून कोणी किती काळ गप्प राहतो! आपण समजतो, हा बदलत नाही. एखाद्या दिवशी तो वेगळेच काही बोलतो आणि आपण म्हणतो, याला एकाएकी काय झाले? आत लहान लहान गचके केव्हाचे बसत असतात. ते ऐकण्याइतके जवळ आपण गेलेलो नसतो, एवढेच.

१९२० साली कार्ल कुर्त्झ या सहकाऱ्याच्या साथीने बार्कहाउझेन यांनी व्हॉल्व्हच्या साहाय्याने अतिशय आखूड लांबीच्या रेडिओलहरी निर्माण केल्या. पुढे सूक्ष्मलहरींच्या तंत्राचा जो विस्तार झाला, त्याच्या आरंभीच्या पावलांत या शोधाची गणना होते. १९२३ पासून त्यांचा व्हॉल्व्हविषयक पाठ्यग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. चार खंडांच्या या ग्रंथावर अभियंत्यांच्या पिढ्या वाढल्या. अमेरिकेतील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने १९३३ साली त्यांना मॉरिस लीबमन पारितोषिक दिले. १९३८ साली ते व्याख्यानांसाठी जपानला गेले. नाझी राजवटीच्या त्या काळातही ते ड्रेस्डेनच्या आपल्या पदावर होते. ज्या विद्येने युद्धात कान लावले होते ती विद्या पुन्हा युद्धाच्या दिशेने ओढली जात असतानाचे ते दिवस होते.

परंतु त्यांच्या साऱ्या कार्यात मला सर्वांत जवळचे वाटते ते त्यांनी केलेले गोंगाटाचे मोजमाप. शहरे वाढत होती, मोटारी आणि यंत्रे वाढत होती, आणि आवाज किती मोठा आहे हे सांगण्यास धड माप नव्हते. १९२६ च्या सुमारास बार्कहाउझेन यांनी त्यासाठी एक सुटसुटीत यंत्र तयार केले. मोजणाऱ्याने एका कानाला रिसीव्हर लावायचा. त्यात ठरावीक स्वर वाजत असे. दुसरा कान मोकळा ठेवून बाहेरचा आवाज ऐकायचा. दोन्ही आवाज सारखेच मोठे वाटेपर्यंत रिसीव्हरमधला स्वर कमी-अधिक करायचा आणि मग आकडा वाचायचा. आवाजाच्या मोठेपणाच्या या एककाला त्यांनी ‘फोन’ हे नाव सुचवले. या पद्धतीत हवेची कंपने मोजण्याबरोबरच ऐकणारा माणूसही हिशेबात धरलेला होता. कारण आवाजाचा मोठेपणा केवळ हवेत नसतो. तो ऐकणाऱ्याच्या कानात आणि मनात पूर्ण होतो.

हे मला जवळचे वाटण्याचे कारण वैयक्तिक आहे. गेल्या काही वर्षांपासून माझे कान मंदावले आहेत. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून आलेख काढला. डावीकडून रेघ बरी चालली होती. दोन हजार कंपनांपाशी ती उतरू लागली आणि चार हजारांच्या पुढे तर डोंगरावरून दगड सुटावा तशी घसरली. वयाचा परिणाम, डॉक्टर म्हणाले. तो आलेख पाहताना मला खंदकातील त्या घसरत्या शिळेची आठवण झाली. रातकिडे माझ्यासाठी मुके झाले. सात वर्षांच्या नातीच्या बोलण्यातले ‘स’ आणि ‘फ’ गळून पडतात आणि उरलेल्या अक्षरांवरून मला शब्द जुळवावा लागतो. ती माझ्या गुडघ्याशी येऊन, माझा चेहरा आपल्याकडे वळवून, पुन्हा सांगते. आवाज वाढवत नाही; जवळ येते. अँप्लिफायरवर आयुष्य काढलेल्या मला ही युक्ती ठाऊक नव्हती.

क्षीण संकेत ऐकायचे तर भोवतालची शांतता जपावी लागते, याचे एक उदाहरण आपल्या किनाऱ्यावरही आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा रुळांतून जमिनीत पसरणारा प्रवाह त्या नाजूक उपकरणांना चकवील, हे जाणून अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. ती १९०४ साली सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहण्यात आल्या. त्यानंतर १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. मातीत पसरणारा प्रवाह पश्चिम आघाडीवर हेरांच्या उपयोगी पडला; आपल्याकडे त्याच्यापासून दूर जाऊन वेधशाळेने आपले ऐकणे अखंड ठेवले. अलिबागची ती वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्बवर्षाव सुरू केला. दोन दिवसांत शहराचा मध्यभाग जळून गेला आणि सुमारे पंचवीस हजार माणसे मृत्यू पावली. बार्कहाउझेन यांनी उभारलेली संस्था नष्ट झाली. शहरातील कॅथॉलिक राजमंदिरही भग्न झाले. त्यातील प्रसिद्ध ऑर्गन गॉटफ्रीड झिल्बरमान या कारागिराने आरंभलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर १७५५ साली पूर्ण झालेला. आदल्या वर्षी, १९४४ मध्ये, त्याच्या नळ्या काढून एका मठात हलवण्यात आल्या होत्या, म्हणून तेवढ्या वाचल्या. मंदिरात तो पुन्हा वाजू लागला १९७१ साली. सत्तावीस वर्षे एक ऑर्गन मौन राहिला. परंतु त्याचा स्वर कोणीतरी सांभाळून ठेवला होता.

बार्कहाउझेन यांचा ऑर्गन मात्र कोणी सांभाळून ठेवलेला नव्हता. त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. अनेक जर्मन शास्त्रज्ञ त्या काळात पश्चिमेकडे गेले, काही थेट अमेरिकेला. ड्रेस्डेन सोव्हिएत अमलाखाली होते. तेथे ना इमारत होती ना उपकरणे. तरीही १९४६ साली ते तेथेच परतले. चौतीस वर्षांच्या कष्टांची राख झालेली असताना त्यांनी संस्था पुन्हा उभी करण्याचे काम अंगावर घेतले आणि मृत्यूपर्यंत ते तेथेच राहिले. १९४९ साली पूर्व जर्मनीने त्यांना राष्ट्रीय पारितोषिक दिले. त्यांचे नाव दिलेली इमारत आजही ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात आहे आणि तेथे विद्युत-अभियांत्रिकीचे अध्यापन चालते.

त्या शिळेचे कोडे तोवर सुटलेले नव्हते. १९३० साली बार्कहाउझेन यांनी त्यावर पुन्हा एकदा लिहिले होते. उलगडा केला तो इंग्लंडमधील केंब्रिजच्या ओवेन स्टोरी या तरुण संशोधकाने, १९५३ साली. आकाशात वीज कडाडली की तिच्यातून रेडिओलहरींचा एक झटका बाहेर पडतो. त्याचा काही अंश पृथ्वीच्या चुंबकीय रेषांचा माग धरून अवकाशात चढतो, हजारो किलोमीटर उंचीवरून कमानीसारखा वळतो आणि दुसऱ्या गोलार्धात खाली उतरतो. त्या दीर्घ प्रवासात उंच स्वर पुढे निघून जातात, खालचे स्वर मागे रेंगाळतात. म्हणून क्षणार्धाचा कडकडाट आपल्याला घसरत्या शिळेच्या रूपात ऐकू येतो. पृथ्वीपासून इतक्या उंचीवरही अवकाश रिते नाही, तेथे विद्युत्भारित कणांचा विरळ पसारा आहे, हे या शिळेवरून कळले. आणि तेही पहिला कृत्रिम उपग्रह सोडला जाण्याच्या चार वर्षे आधी. पुढे १९७९ साली व्हॉयेजर १ हे यान गुरू ग्रहाजवळून गेले, तेव्हा तेथेही अशाच शिळा टिपल्या गेल्या आणि गुरूवरही विजा चमकतात याचा पुरावा मिळाला.

फ्रान्सच्या चिखलात शत्रूचे गुपित ऐकण्यासाठी माणसांनी मातीला कान लावला होता. त्या कानात दुसऱ्या गोलार्धातील वादळाचा संदेश येऊन पडत होता आणि ऐकणाऱ्यांना वाटत होते, हा तोफगोळा आहे.

हा उलगडा झाला तेव्हा बार्कहाउझेन एकाहत्तर वर्षांचे होते. १९१९ च्या आपल्या निबंधात त्यांनी जे समजले ते समजले म्हणून लिहिले होते आणि जे समजले नाही तेही तितक्याच काळजीने नोंदवून ठेवले होते.  २० फेब्रुवारी १९५६ रोजी ड्रेस्डेन येथे त्यांचे निधन झाले. १९६१ साली मानवी कानाची ऐकण्याची रीत चोवीस पट्ट्यांत विभागणारी एक मोजपट्टी मांडण्यात आली, तेव्हा तिच्या एककाला त्यांच्या नावावरून ‘बार्क’ असे म्हटले गेले. ज्याने आयुष्यभर ऐकले त्याचे नाव कानाच्याच मापाला मिळावे, हे फार उचित झाले.

आपल्या घरांतही एखादी आजी एकच आठवण पुनःपुन्हा सांगत असते, एखादा मुलगा जेवताना काहीतरी पुटपुटत असतो. त्या सगळ्याचा अर्थ लगेच लागेलच असे नाही. बार्कहाउझेन यांनाही चौतीस वर्षे लागला नव्हता. त्यांनी तो आवाज गोंगाट म्हणून पुसून टाकला नाही, एवढेच आपण लक्षात ठेवावे.